आमची वाटचाल : बल्ब, बाटल्या आणि एक बहुगुणी जिवाणू
पुण्यात दोन खोल्यांच्या भाड्याच्या जागेत आम्ही काम सुरू केले, तेव्हा निर्जंतुकीकरणाचा एक ऑटोक्लेव्ह, बाटल्या हलवत ठेवणारा एक जुना शेकर आणि ऱ्होडोस्यूडोमोनास पालुस्ट्रिस या प्रकाशसंश्लेषी जिवाणूचे कल्चर एवढेच आमचे भांडवल होते. हा जिवाणू उजेडात जगतो तसा अंधारातही जगतो, कार्बन डायऑक्साइडवर वाढतो तसा सेंद्रिय आम्लांवरही वाढतो. 2004 मध्ये त्याचा जीनोम, म्हणजे संपूर्ण जनुकसंच, प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यात सुमारे 4,800 जनुके आणि तीन प्रकारच्या नायट्रोजिनेजची जनुके आढळली. हे एन्झाइम हवेतील नायट्रोजन स्थिर करताना हायड्रोजनही सोडते. आम्हाला हवा होता तो हा हायड्रोजन, आणि तोही डिस्टिलरीच्या सांडपाण्यातील आम्लांपासून.

पहिला फटका जनुकांनी नव्हे, दिव्यांनी दिला. विजेची बचत म्हणून आम्ही पांढरे एलईडी लावले, आर्गॉन भरलेल्या बाटल्या त्यांच्यासमोर ओळीने मांडल्या, आणि दहा दिवस उलटले तरी त्या जेमतेम गुलाबी झाल्या. हा जिवाणू मुख्यतः 800 ते 880 नॅनोमीटरच्या, डोळ्यांना जवळजवळ न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशावर पोसतो, हे वाचलेले असूनही दिवे विकत घेताना कोणालाच आठवले नाही. जुने 60 वॉटचे पिवळे बल्ब शोधत आम्ही अखेर पोल्ट्रीचे सामान विकणाऱ्या दुकानात पोहोचलो. त्यांच्या उजेडात चौथ्या दिवशी बाटल्या कोकमाच्या आगळासारख्या गडद लाल झाल्या.

पुढे अमोनिया आडवा आला. स्थिर झालेला नायट्रोजन अमोनियाच्या रूपात आयता मिळत असेल तर जिवाणू नायट्रोजिनेज बनवण्याच्या फंदात पडत नाही. निफ-ए या नियंत्रक प्रथिनात नेमका बदल केल्यास ही बंदी उठते, हे अमेरिकेतील कॅरोलिन हारवुड यांच्या गटाने दाखवून दिले होते. आम्ही बदललेले जनुक ई. कोलाय या दुसऱ्या जिवाणूकरवी आत पोहोचवले आणि साखर घातलेल्या प्लेटवर तगून राहिलेल्या वसाहतींमधून हवा तो स्ट्रेन (जिवाणूचा वाण) निवडला. हायड्रोजन आला, पण बेताचाच, कारण बरेचसे इलेक्ट्रॉन कार्बन डायऑक्साइड स्थिर करणाऱ्या कॅल्विन चक्राकडे वळत होते. ते चक्र बंद केल्यावर उत्पादन वाढले. एक वाट बुजवली की हा जिवाणू दुसरी शोधतो. ज्या गुणासाठी त्याला निवडले, त्याच्याशीच आमचे रोजचे भांडण चालते.

प्रत्यक्ष स्पेंटवॉश, म्हणजे डिस्टिलरीचे सांडपाणी, मात्र इतका काळपट असतो की उजेड आत शिरत नाही. म्हणून तो पातळ करून अरुंद, चपट्या टाक्यांत घ्यावा लागतो, आणि हा खर्च अजूनही आमच्या हिशेबात बसलेला नाही.

दरम्यान पगार भागवले ते मूळ, अजिबात न बदललेल्या स्ट्रेनने, जो आम्ही कोळंबीच्या तलावांसाठी विकतो. त्याच्या डब्यावर सुरुवातीला ‘पीएसबी’ (फोटोसिंथेटिक बॅक्टेरिया, म्हणजे प्रकाशसंश्लेषी जिवाणू) या अर्थाने ‘पीएसबी’ एवढेच छापले होते. कृषी सेवा केंद्रांत त्याचा अर्थ स्फुरद विरघळवणारे जिवाणू असा घेतला जातो, हे कळेपर्यंत पहिली खेप उसाच्या शेतांत गेली होती. बदललेला स्ट्रेन जनुकीय बदल केलेल्या सजीवांबाबतच्या 1989 च्या नियमांखाली येतो, त्यामुळे जैवसुरक्षा समितीच्या देखरेखीत तो प्रयोगशाळेतच राहतो.

आता बल्बांच्या जागी सीसीटीव्ही कॅमेऱ्यांत असतात तसे 850 नॅनोमीटरचे एलईडी आहेत. पाहुण्यांना खोली अंधारी दिसते, वीज गेली का असे ते विचारतात, आणि मग आम्ही त्यांना मोबाइलच्या कॅमेऱ्यातून टाक्यांकडे पाहायला सांगतो.