पन्हाळ्याच्या गच्चीवरून ताऱ्यांचं म्हातारपण

ताऱ्यांचा जन्म, तारुण्य, म्हातारपण आणि मरण एकाच रात्री पाहायचं तर जानेवारीतली अमावास्या धरावी. कोल्हापूर शहरातल्या उजेडात तेजोमेघ, म्हणजे अवकाशातले वायू-धुळीचे ढग, पुसले जातात, म्हणून आम्ही रत्नागिरी रस्त्याने वाघबीळला वळून पन्हाळा गाठतो. अंतर वीसेक किलोमीटर. अंधारात बुरुजांच्या कडेला जाण्यापेक्षा मुक्कामाच्या लॉजची गच्ची बरी. १० बाय ५० ची, म्हणजे दहापट मोठं दाखवणारी आणि ५० मिलिमीटर भिंगांची, दोन डोळ्यांची दुर्बीण पुरते. डोळे अंधाराला सरावायला अर्धा तास लागतो आणि एकदा मोबाईल पेटला की तो अर्धा तास वाया. खाली शेतात पाचट जाळलं असेल तर दक्षिणेला खाली असलेला अगस्त्य तारा धुरात मळतो. मृग नक्षत्र उंचावर असल्याने वाचतो.

नऊनंतर मृगाच्या पोटातला तीन ताऱ्यांचा बाण पकडा. त्याच्या दक्षिणेला जो धुरकट डाग दिसतो, त्या तेजोमेघात आजही तारे जन्मतात. बाणाची रेघ वायव्येला वाढवली की रोहिणी आणि पुढे कृत्तिका. कृत्तिकांचं वय सुमारे १० कोटी वर्षं. ४६० कोटींच्या सूर्यापुढे त्या कोवळ्याच. रोहिणीच्या गाभ्यातला हायड्रोजन मात्र संपलाय. गाभा आकसून तापला, बाहेरचे थर फुगून थंड झाले, म्हणून ती तांबूस दिसते. सूर्याचंही पुढे हेच होणार.

रेघ उलट्या दिशेला नेली की व्याध. त्याचा जोडीदार १८६२ साली सापडला, तो श्वेतबटू, म्हणजे इंधन संपलेल्या ताऱ्याचा उरलेला गाभा आहे: सूर्याएवढं वस्तुमान, आकार पृथ्वीएवढा. व्याधाच्या झगमगाटात तो दुर्बिणीतून दिसत नाही. दोघे एकाच वेळी जन्मले, पण हा जोडीदार मुळात जास्त जड होता, म्हणून आधी संपला. जड ताऱ्यात इंधन जास्त असतं, पण ते जळतं त्याहून कितीतरी वेगाने. आकाशातलं वय वाचायची खरी किल्ली हीच.

मृगाचा तांबडा तारा काक्षी त्यामुळेच एक कोटी वर्षांच्या आतबाहेरच म्हातारा झाला. २०१९ च्या अखेरीस तो मंदावला तेव्हा स्फोटाची चर्चा झाली. झाकलं होतं ते त्यानेच फेकलेल्या धुळीने. स्फोट मात्र कधीतरी अटळ आहे. गाभ्यात लोखंड साचलं की त्याच्या ज्वलनातून ऊर्जा मिळत नाही, आधार सुटतो आणि गाभा क्षणात कोसळतो.

असा कोसळलेला तारा वृषभाच्या शिंगाच्या टोकाशी आहे. १०५४ साली चिनी निरीक्षकांनी तो दिवसाढवळ्या पाहिला होता. आता तिथे क्रॅब तेजोमेघ आहे आणि त्याच्या मध्यभागी सेकंदाला सुमारे ३० गिरक्या घेणारा न्यूट्रॉन तारा, म्हणजे त्या कोसळलेल्या ताऱ्याचा घट्ट दाबला गेलेला गाभा. दुर्बिणीत फिकट ठिपकाच दिसतो, तोही जवळजवळ डोक्यावर. सतरंजीवर आडवं व्हा, कोपरं जमिनीला टेकवा आणि नजर ठिपक्याच्या किंचित बाजूला ठेवा. तरीही दिसला नाही तर आधी भिंगावर दव धरलंय का ते पाहा.