परातीतला डबा

भाऊबीजेच्या संध्याकाळी गंगापूर रोडवरच्या आमच्या कॉलनीचं मंडळ जमायचं. पत्रिकेवर फराळ, सत्कार आणि लहान मुलांची गाणी. सत्कार कुणाकुणाचे झाले ते आज सत्कारमूर्तींनाही आठवत नसेल. मंडळी चिवडा संपला तरी रेंगाळायची ती पत्रिकेत कधीच न छापलेल्या कार्यक्रमासाठी. तो म्हणजे सुतळी बॉम्बवर पालथे घालून डबे उडवणं.

डबे आधीपासूनच जमा होत. दूध पावडरचे, रसगुल्ल्यांचे, एखादा जुना डालड्याचा. ‘परत मिळणार असेल तरच देते हं,’ असं बजावणाऱ्या काकू दरवर्षी डबा देतच, आणि दरवर्षी त्यांना तो पोचे आलेला परत मिळे.

सूत्रं मंडळातल्या एका निवृत्त फिजिक्सच्या सरांकडे. वात पेटवणार तेच, काठीला बांधलेल्या उदबत्तीने. बाकी सगळे फक्कीच्या रेघेमागे. डबा पातळ पत्र्याचाच हवा, काच किंवा जाड लोखंड चालणार नाही, यावर ते कुणाचं ऐकत नसत. आणि उडवण्याआधी अंदाज सांगायचा, तोही कारणासकट. ‘हलका आहे म्हणून वर जाईल’ म्हटलं की ‘मग कागदाचा का नाही जात?’ हे ठरलेलं.

सुतळी बॉम्बची दारू क्षणात जळते, तापलेला वायू जागा शोधत पसरतो. डब्याच्या तोंडाशी फट असली की सगळा दाब तिथूनच निसटतो. म्हणून खडीवर पालथा घातलेला डबा नुसता ठणाणा करून आडवा व्हायचा आणि शहाबादी फरशीवरचा सरळ उठायचा. एका वर्षी सरांनी पितळी परात मागवली, तिच्यात दोन बोटं पाणी ओतलं आणि बॉम्ब कोरडा राहील अशा बेताने डबा तिच्यात पालथा ठेवला. पाण्याने फट बुजली. बाहेर पडायचं तर वायूला आधी पाणी ढकलायला हवं, आणि पाणी काही चटकन हलत नाही. तेवढ्यात डबा सुटलेला! पुढच्या रांगेतल्यांच्या नव्या कपड्यांवर शिंतोडे. न्यूटनचा तिसरा नियम परातीच्या बुडाला फुगवटा होऊन उमटला, तो सर सगळ्यांना बोट फिरवून बघायला लावत होते. परातवाल्या काकूंचा चेहरा मात्र बघण्यासारखा झाला होता.

उंची मोजायला टेप नव्हती, घड्याळ होतं. सुटल्यापासून पडेपर्यंतचे सेकंद मोजा, वर्ग करा, सव्वाने गुणा, आले मीटर. ३ सेकंदांना ११ मीटरच्या वर, म्हणजे तीन मजले सहज. हा सव्वा म्हणजे गुरुत्व त्वरण ९.८ भागिले ८.

२०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने दिवाळीच्या फटाक्यांना रात्री ८ ते १० ही वेळ घालून दिली, आणि तोवर सत्कार लांबवायला आमच्या अध्यक्षांना आयतं निमित्त मिळालं. मोबाइलही आले होते. एका पोराने स्लो मोशनमध्ये दाखवलं की डब्याला वर जायला लागतो त्याहून खाली यायला जास्त वेळ लागतो. सर खूश. वर जाताना गुरुत्व आणि हवा दोघंही अडवतात, उतरताना हवा गुरुत्वाच्या उलट रेटते, हे त्याच्याकडूनच वदवून घेतलं आणि म्हणाले, ‘मग सव्वाऐवजी काय घ्यायचं ते सांग, वहीत लिहितो.’

पोरगा आता इंजिनीअरिंगला आहे. आकडा अजून आलेला नाही.