पाच वर्षांची रोजनिशी: तिसरा थर आणि अंदाजांचा हिशेब

835 दिवस. 742 नोंदी. 93 खाडे.

खाड्यांचा आकडा फुगलाय, मान्य. पण सलग खाडा आता तीन दिवसांपलीकडे जात नाही. पहिल्या वर्षी एक दिवस चुकला की मी आठवडाच सोडून द्यायचे आणि सुट्टीच्या दिवशी बसून सगळं आठवून आठवून भरायचे. अशा नोंदी नंतर वाचताना लगेच ओळखू येतात. सगळ्या एकाच शाईत, एकाच घाईच्या अक्षरात, आणि सातही दिवस मी सारखीच शहाणी! आता चुकलेली चौकट रिकामीच ठेवते. ती रिकामी चौकटही पुढे काहीतरी सांगतेच.

नव्यांसाठी थोडक्यात: या वहीत एका तारखेला एक पान आणि पानावर पाच चौकटी, एकेका वर्षाची एक. माझी वही 2024 ते 2028. चौकटीत पाच ओळी मावतात, बारीक निब असेल तर सहा. 29 फेब्रुवारीच्या पानावर मात्र दोनच चौकटी भरणार, पहिली आणि शेवटची. मधल्या तिघींचं काय करायचं ते अजून ठरत नाहीये. सुचवा.

या खेपेची मोठी गोष्ट म्हणजे बातम्या. 2024 मध्ये मी चालू घडामोडींवर भरपूर लिहिलं, आणि त्यातलं निम्मं आज मलाच कळत नाही. ‘फार वाईट झालं आज.’ काय झालं? ‘यांना कधी अक्कल येणार?’ कोणाला? त्या दिवशी जो तो त्याच विषयावर बोलत होता, त्यामुळे घटनेचं नाव लिहायची गरजच वाटली नाही. तेव्हा पहिला नियम: आधी कोण, कुठे, काय, राग नंतर.

दुसरा नियम 19 जुलैच्या पानाने शिकवला. 2024 ची नोंद अशी: ‘जगभर विंडोजचे संगणक एकदम निळे पडले, विमानं अडकली. आता महिनाभर हेच चालणार. कुंडीत पहिली कळी.’ तो प्रकार एका सुरक्षा सॉफ्टवेअरच्या सदोष अपडेटमुळे झाला होता. वर्षभराने त्याच पानावर आले तेव्हा माझी पक्की समजूत होती की मी पहिल्याच दिवशी ‘दोन दिवसांत निवळेल’ म्हटलं होतं. चारचौघांत तसं सांगूनही झालं होतं. वहीत मात्र माझ्याच अक्षरात ‘महिनाभर’. आणि चौथ्या दिवसापासून त्या विषयाचं नावसुद्धा नाही.

बारूख फिशहॉफ आणि रूथ बेथ या मानसशास्त्रज्ञांनी 1975 मध्ये नेमक्या याच खोडीवर अभ्यास प्रसिद्ध केला होता. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष निक्सन 1972 मध्ये चीन आणि सोव्हिएत संघाच्या दौऱ्यांवर जाणार होते. काय घडेल, याच्या शक्यता विद्यार्थ्यांकडून आधीच लिहून घेतल्या, आणि दौरे झाल्यावर ‘तुम्ही तेव्हा किती म्हणाला होता?’ असं विचारलं. जे घडलं असं त्यांना वाटत होतं, त्याची शक्यता आपण आधीच जास्त धरली होती, अशीच त्यांची आठवण निघाली. म्हणजे मी एकटीच लबाड नाही!

म्हणून गेल्या ऑगस्टपासून बातमीच्या ओळीला एक अंदाज जोडते: टक्के आणि तपासायची तारीख. त्या तारखेच्या पानावर पेन्सिलीने बारीक खूण. आजवर 58 अंदाजांची मुदत संपली. 90 टक्के खात्रीने लिहिलेले 20 होते, त्यातले 12 खरे ठरले. 60 टक्केवाल्या 25 पैकी 14. उरलेले 13 निम्मे-निम्मेवाले, त्यांची दखल घेण्यात अर्थ नाही. साठला मी बऱ्यापैकी जागेवर आहे, नव्वदला मात्र नुसती बढाई. आता नव्वद लिहिताना हात अडखळतो, आणि बातमी ऐकून लगेच फोन उचलणंही थोडं कमी झालंय.

रोजनिशीवाल्यांना फ्रान्सच्या सोळाव्या लुईचा किस्सा टोमण्यासारखा ऐकवला जातो. 14 जुलै 1789, बाहेर पॅरिसमधला बास्तीयचा किल्ला पडतोय आणि राजा वहीत लिहितो ‘काही नाही’. पण ती वही मुख्यतः शिकारीच्या नोंदींची होती. त्या दिवशी शिकार झाली नाही, एवढाच तिचा अर्थ. मला त्यात राजापेक्षा वहीची गंमत वाटते. जे रकाने आखाल तेच ती सांगणार. माझ्या पहिल्या वर्षीच्या वहीत ‘माझं मत’ एवढा एकच रकाना होता. कळीची ओळ चुकून घुसली, आणि त्या पानावर आजही ताजी वाटते ती तेवढीच.

स्वतःतल्या बदलाचं मोजमाप मी ‘उद्यापासून’ या शब्दावर करते. 2024 मध्ये 61 वेळा, 2025 मध्ये 38, यंदा आतापर्यंत 9. सुधारले म्हणून नव्हे, वरच्या दोन्ही चौकटींत तोच शब्द दिसला की लिहायची लाज वाटते. आणखी एक सापडलं. एका सहकारी बाईंबद्दल ‘मुद्दाम करते’ अशी तक्रार दोन्ही वर्षी त्याच आठवड्यात आहे, आणि दोन्ही वर्षी त्या आठवड्यात माझ्याच डोक्यावर कामाचा डोंगर होता. यंदा तो आठवडा आला तेव्हा मी आधीच जपून होते. तरी भांडण झालंच, पण छोटं.

आता शाई. फेब्रुवारीत पाणी सांडून अकरा पानं धुऊन निघाली, साधी निळी शाई होती. तेव्हापासून मायफळाची निळी-काळी वापरते. मायफळ (ओकच्या झाडावरची गाठ) आणि हिराकस (लोहाचा क्षार) यांची जुनी जोडी. लिहिताना निळसर दिसते, हवेत लोह काळवंडत जातं तशी गडद होते, आणि पाण्याला दाद देत नाही. जुन्या काळच्या आंबट शाईने कागद खाल्ल्याची उदाहरणं आहेत, आताच्या शाया त्या मानाने सौम्य. पेन मात्र वाळू द्यायचं नाही. मी दिलं. तासभर कोमट पाण्यात निब बुडवून बसले होते, बोटं अजून जांभळी आहेत.

आजच्या पाचपैकी साडेतीन ओळी त्या धुण्यावरच गेल्या. उरलेल्या दीड ओळीत अंदाज: ही बाटली वही संपेपर्यंत पुरेल, 70 टक्के. तपासायची तारीख 31 डिसेंबर 2028.