नाही म्हणायचं काम माझ्याकडे

‘कबड्डीवाल्या पोरांचे पैसे कुठे टाकता हो?’ मी सांगलीत सीए आहे. प्रो कबड्डी खेळणारी चार-पाच पोरं माझ्याकडे येतात हे कळलं, की पुढचा प्रश्न हाच. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो: पहिलं वर्षभर कुठेच टाकत नाही. एफडी करतो आणि पोरांच्या घरच्यांच्या शिव्या खातो.

लिलावाचे आकडे तुम्ही पेपरात वाचताच. 2014 च्या पहिल्या हंगामात सगळ्यात महाग गेला तो राकेश कुमार, 12 लाख 80 हजारांना. 2019 ला आपल्या चंदगडचा सिद्धार्थ देसाई गेला 1 कोटी 45 लाखांना. असा आकडा आला की गावात डिजिटल लागतं, डॉल्बी वाजते आणि त्या रात्रीपासून तो आकडा सगळ्या भावकीचा होतो.

पण 40 लाखांचा करार म्हणजे हातात 40 लाख नव्हेत. संघ 10 टक्के टीडीएस, म्हणजे आधीच कापून घेतलेला कर, वजा करून 36 देतो. पोराला वाटतं, कर भरून झाला. नव्या करप्रणालीत, खर्चाची वजावट धरली नाही, तर कर होतो साधारण 8 लाख. म्हणजे आणखी चार भरायचे, तेही जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्चच्या 15 तारखांना, हप्त्याहप्त्यानं.

एक चढाईपटू पहिल्यांदा आला तो कॅरीबॅग घेऊनच. आत आयकराची नोटीस, बुलेटची पावती, स्लॅबचं बिल आणि वहीच्या फाडलेल्या पानावर यादी: ‘आण्णा 2 लाख, मामा दीड, तरुण मंडळ 51 हजार.’ यातले परत किती आले, विचारलं. नुसता हसला.

लीग वर्षातले दोन-तीन महिने, आणि गुडघा तिशीतच बोलायला लागतो. म्हणून क्रीडा कोट्यातली नोकरी मिळत असेल तर पगार न बघता घे, हा माझा हट्ट. हेलसिंकीत 1952 ला ब्राँझ जिंकलेल्या खाशाबा जाधवांनीही पुढे पोलिसातच नोकरी केली. नेमबाज स्वप्नील कुसाळेनं 2024 ला पॅरिसमध्ये पदक घेतलं तेव्हा तो मध्य रेल्वेत टीसी होता.

बाकी फंडबिंड कुणीही सांगेल. अवघड असतं ते चुलत्याला नाही म्हणणं. समोरच्या गड्याला कोपऱ्यात दाबून धरणारं पोर काकापुढे मान खाली घालतं. म्हणून मी सांगून ठेवलंय, माझं नाव पुढे कर. ‘सीएंनी पैसे अडकवून ठेवलेत, मार्चपर्यंत हात लावता येत नाही.’ मागे ऊसतोडणीचा हार्वेस्टर भागीत घ्यायचं घाटत होतं, तोही असाच माझ्या नावावर टळला.

परवा त्या कॅरीबॅगवाल्या चढाईपटूच्या लग्नाला गेलो होतो. काकांनी चारचौघांत ओळख करून दिली, ‘हेच ते, आमचं पैसं अडवणारं!’ पंगतीत जिलबी मात्र त्यांनीच दोनदा वाढली.