कॅबिनेटवाल्यालाच असेंब्ली द्यायची का? आमचा अनुभव

आम्ही तापमान नोंदवणारं एक छोटं यंत्र बनवतो. प्लास्टिकचं कॅबिनेट, आत एक बोर्ड, बाहेर वायरला लावलेला सेन्सर, बस. चौघं जण टेबलाभोवती बसून जोडायचो, महिन्याला 200 नग आरामात निघायचे. मग ऑर्डर 400 वर गेली आणि रोज उशिरापर्यंत स्क्रू पिळत बसायची वेळ आली. नेमकं तेव्हाच कॅबिनेट देणारा सप्लायर म्हणाला, "कॅबिनेट माझं, वायर हार्नेस (वायरींचा तयार जुडगा) पण माझ्याकडूनच घेता, मग जोडून पण मीच देतो ना, तुम्ही फक्त बोर्ड पाठवा."

ऐकायला एकदम भारी वाटलं. मी लगेच त्याचा रेट आणि आमची मजुरी शेजारी शेजारी मांडली तर आपलंच स्वस्त पडतंय असं दिसलं. पण ते गणित अर्धवट होतं. म्हणून दोन दिवस मोबाईलवर वेळ लावून बसलो. एका नगाला 18 मिनिटं लागत होती आणि त्यातली 6-7 मिनिटं जोडणीची नव्हतीच! कॅबिनेटच्या आत स्क्रू ज्यात बसतो त्या खांबाला राहिलेली प्लास्टिकची कड कानस मारून काढा, हार्नेस आखूड आला तर दुसरा शोधा, झाकण बसत नाही म्हणून परत उघडा... म्हणजे त्याच्या पार्टमधल्या चुका आम्ही फुकटात निस्तरत होतो आणि वर त्याला असेंब्ली म्हणत होतो.

मग वाटलं, देऊनच टाकू, स्वतःचे पार्ट स्वतः जोडायला लागले की आपोआप सुधारेल. 50 नगांचा ट्रायल लॉट दिला. वेळेवर आला, दिसायला आमच्यापेक्षा स्वच्छ. मी खूश. सहज म्हणून काही नग उघडले तर 4 नगांत स्क्रू नुसता गोल फिरत होता, खांबाचं भोक मोठं झालेलं आणि आत गोंद घातलेला. विचारलं तर तो शांतपणे म्हणाला, "पण झाकण फिट बसलंय ना?" तो फसवत होता असं मला अजूनही वाटत नाही, त्याच्या नजरेत तो दोषच नव्हता. आधी असं कॅबिनेट आम्ही बाजूला काढून परत पाठवायचो. आता कॅबिनेट बनवणारा तोच आणि ते चालेल की नाही ठरवणारा पण तोच. रेटच्या नादात हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

दुसरा धक्का कामाची पद्धत लिहून द्यायला बसलो तेव्हा. आमच्याकडे टेबलावर सगळ्यात जुन्या ज्या ताई आहेत त्यांना विचारलं, तर त्या म्हणाल्या आधी स्क्रू उलटा फिरवायचा, टक करून जुन्या आट्यात बसला की मगच पिळायचा, नाहीतर प्लास्टिकमध्ये नवा आटा पडतो आणि खांब जातो. हे कुठल्याच ड्रॉइंगवर नव्हतं. अशा गोष्टी निघत गेल्या, फोटो काढून लिहायला दोन आठवडे गेले. (टॉर्क, म्हणजे पिळायचा जोर, सेट करता येणारा स्क्रूड्रायव्हर पण तेव्हाच घेतला, तो खरं तर पहिल्याच वर्षी घ्यायला हवा होता.)

मग म्हटलं, आलेला माल सॅम्पलिंगने तपासू. आयएसओ 2859-1 या सॅम्पलिंगच्या मानकातल्या तक्त्यात 400 च्या लॉटसाठी नॉर्मल तपासणीत 50 नग काढायचे, एक्यूएल (किती टक्के दोष चालवून घ्यायचे ती मर्यादा) 1.0 धरला तर 1 दोषी निघाला तरी लॉट पास, 2 निघाले की सगळा लॉट परत. कागदावर छान आहे हो, पण महिन्याचा सगळा माल परत पाठवला तर त्या महिन्यात आम्ही विकायचं काय?

कॅलिब्रेशन द्यायचं नाही हे मात्र पहिल्यापासून ठरलेलं. आमच्या सेन्सरची अचूकता उणे 10 ते 85 अंशांत अर्धा अंश इकडेतिकडे, आम्हाला त्याहून चांगली हवी असते, म्हणून प्रत्येक नगाचा सेन्सर बर्फ-पाण्याच्या मिश्रणात शून्य अंशाला बघून फरक भरतो. म्हणजे प्रत्येक नग तसाही आमच्या हातातून जाणारच होता. हे लक्षात आलं आणि गुंता सुटला. त्याला सांगितलं, सगळं जोडा, पण झाकण नुसतं ठेवून पाठवा, शेवटचे चार स्क्रू आम्ही लावणार. त्यामुळे प्रत्येक नगाचं पोट दिसतं आणि खांब गेला असेल तर ताईंच्या हाताला लगेच कळतं, तेवढाच नग परत जातो.

बाकी मोल्ड (कॅबिनेटचा साचा) आणि जिग (जोडताना पार्ट धरून ठेवणारा साचा) आमच्या मालकीचे, बोर्ड 2 टक्के जास्तीचे देणार पण खराब झालेले मोजून परत हवेत, एवढं लिहून घेतलं. आता आमची नगामागे 5 मिनिटं जातात.

सही करताना मी विचारलं, चार स्क्रू कमी लावायचे तर रेट कमी करणार ना? तर म्हणाला, "उलट वाढवायला हवा, झाकण उघडं ठेवून माल पॅक करणं किती अवघड असतं माहितीये का तुम्हाला?"