चिंचोका बुडतो, भोपळा तरंगतो

जड वस्तू बुडते आणि हलकी तरंगते, हे वाक्य सहावीच्या वर्गातील जवळजवळ प्रत्येक मूल घरूनच घेऊन येते. पैठण तालुक्यातील एका जिल्हा परिषद शाळेत मी शिकवू लागलो, त्या पहिल्या वर्षी टेबलावर ग्लास ठेवून प्रयोग करून दाखवला. मुलांनी तो आकृतीसह वहीत उतरवून घेतला आणि चाचणीत पुन्हा तेच वाक्य लिहिले. तेव्हापासून हा पाठ मी हौदाच्या काठावर घेतो, आणि तोही पावसाळ्यात, कारण उन्हाळ्यात टँकरचे पाणी प्रयोगासाठी मागणे मला योग्य वाटत नाही.

सुरुवात एका चिंचोक्याने आणि चार किलोच्या लाल भोपळ्याने होते. वस्तू पाण्यात सोडण्याआधी प्रत्येकाने अंदाज लिहायचा आणि चुकला तरी तो खोडायचा नाही, एवढाच नियम. चिंचोका सरळ तळाशी जातो, भोपळा डुलत वर राहतो, आणि हौदाभोवती क्षणभर शांतता पसरते. मग कोणाला तरी आठवते, की आजोबा विहिरीत पाठीला वाळका भोपळा बांधून पोहायला शिकले होते. "सर, मंग वजनाचं न्हाई, आतल्या पोकळीचं हाय," असे एक मुलगा म्हणाला, तेव्हा घनता हा शब्द फळ्यावर लिहिण्याची वेळ आली होती. एक घन सेंटिमीटर पाण्याचे वजन 1 ग्रॅम, तेवढ्याच अॅल्युमिनियमचे 2.7 ग्रॅम आणि लोखंडाचे सुमारे 7.8 ग्रॅम.

यानंतर प्रत्येक गटाला पोळ्या गुंडाळतात त्या फॉइलचा 15 सेंटिमीटरचा चौकोन मिळतो. त्याचा चुरगळून केलेला गोळा बुडेल असे वाटते, पण आत हवा अडकल्याने तो तरंगतच राहतो; दगडाने ठेचून घट्ट केला की मगच तळ गाठतो. तेवढ्याच फॉइलची होडी मात्र गोट्यांचे ओझे वाहते, कारण आपल्या एकूण वजनाइतके पाणी बाजूला सारले की होडी आणखी खाली जात नाही.

कडा किती उंच दुमडायच्या, हा खरा वादाचा मुद्दा. 1 सेंटिमीटर दुमडल्यास होडीत 169 घन सेंटिमीटर जागा होते, 2.5 दुमडल्यास 250, आणि 4 दुमडल्यास पुन्हा घटून 196. म्हणजे 2.5 सेंटिमीटरच्या होडीने जवळजवळ पाव किलो वजन पेलायला हवे. प्रत्यक्षात ती सुमारे पाच ग्रॅमच्या 31 गोट्यांवरच बुडाली, कारण गोट्या एका कोपऱ्यात घरंगळल्या आणि तिकडची कड पाण्याखाली गेली. मी काहीही सुचवले नाही, आणि शिक्षकाला हेच सर्वांत अवघड जाते. त्या गटातील एका मुलीने खडूच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून होडीत चार कप्पे केले, आणि दुसऱ्या खेपेला 39 गोट्या मावल्या.

तिचे वडील नाथसागरात, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयात, थर्माकोलच्या तराफ्यावरून मासेमारी करतात. कप्पे कसे सुचले असे विचारल्यावर ती म्हणाली, की ओले जाळे एका बाजूला आले की तराफा कलतो, म्हणून बाबा ते आधी मधोमध ओढून घेतात आणि मगच वल्हे हातात घेतात.