ऊसबिल, आवर्ती ठेव आणि खोन केन

थायलंडमधील खोन केन या शहरात इंग्रजी शिकवण्यासाठी मी मे 2024 मध्ये आले. त्याआधीची जवळजवळ दोन वर्षे साताऱ्यात, आईवडिलांच्या घरी राहून पैसे साठवण्यात गेली. परदेशी शिकवण्याविषयी जे मला विचारतात, त्यांना पगार, व्हिसा आणि हवामान जाणून घ्यायचे असते. निघण्यापूर्वीच्या पैशांचा विषय सहसा कोणी काढत नाही. माझी खरी परीक्षा मात्र तेथेच झाली, म्हणून तो हिशेब मांडून ठेवते.

सुरुवातीला मी सर्वांसारखीच चूक केली. ‘जमेल तेवढे साठवू’ असे ठरवले, आणि चार महिन्यांनंतर बचत खात्यात 11,000 रुपये होते. मग एका रविवारी वही घेऊन बसले आणि स्वतःला एकच प्रश्न विचारला: तिकडचा पहिला पूर्ण पगार हातात पडेपर्यंत मला किती दिवस काढावे लागतील? थायलंडमध्ये शाळेचे वर्ष मे महिन्याच्या मध्यावर सुरू होते, पगार महिनाअखेरीस मिळतो, आणि मेचा पगार अर्ध्या महिन्याचाच असतो. म्हणजे जूनअखेरपर्यंतची सोय आपली आपणच करायची. घर भाड्याने घेताना बहुतेक ठिकाणी दोन महिन्यांचे भाडे अनामत आणि एक महिन्याचे आगाऊ द्यावे लागते. भाडे 7,000 थाई बात धरले, तर दारात पाऊल ठेवण्यापूर्वीच 21,000 बात गेले. दोन महिन्यांच्या जेवणाखाण्याला आणि प्रवासाला 24,000, आणि एका वर्षाच्या कामाच्या परवान्याचे शुल्क 3,000 असल्याने किरकोळ खर्चासह त्याला 5,000. एकूण 50,000 बात. एका बातचा दर थोडा चढा, अडीच रुपये धरला, की सव्वा लाख रुपये होतात.

त्यावर कागदपत्रांचा खर्च. इंग्रजी मातृभाषा नसलेल्या शिक्षकांकडे अनेक शाळा आयल्ट्स किंवा टोइक या इंग्रजीच्या परीक्षेचे गुण मागतात. आयल्ट्सचे शुल्क सतरा हजारांच्या आसपास होते. परभाषिकांना इंग्रजी कसे शिकवावे याचा, 120 तासांचा ऑनलाइन टेफल अभ्यासक्रम चौदा हजारांना पडला. सेल्टा या केंब्रिजच्या इंग्रजी शिक्षकांसाठीच्या प्रमाणपत्राची इच्छा होती, कारण त्यात प्रत्यक्ष वर्गावर सहा तास शिकवावे लागते आणि त्याला मान मोठा आहे. पण त्याचा खर्च लाखाच्या वर जात होता, म्हणून तो विचार बाजूला ठेवला. पदवी प्रमाणपत्राच्या साक्षांकनासाठी मुंबईच्या फेऱ्यांसह 14,000, विमान आणि व्हिसासाठी 20,000, आणि काही बिनसले तर परत येण्यासाठी आणखी 20,000, ज्यांना कोणत्याही परिस्थितीत हात लावायचा नाही. सगळे मिळून 2,10,000 रुपये झाले. हा आकडा लिहिल्यावर मी बराच वेळ वहीकडे पाहत बसले होते, पण त्याच दिवसापासून बचतीला दिशा मिळाली हेही खरे.

आता मिळकत. एका विनाअनुदानित इंग्रजी माध्यमाच्या शाळेत मला 14,000 रुपये पगार होता. संध्याकाळी घरी नववी-दहावीच्या अकरा मुलांची इंग्रजीची शिकवणी, प्रत्येकी 600 रुपये. आणि शनिवार-रविवारी मोठ्या माणसांसाठी इंग्रजी संभाषणाचा वर्ग, आठ जण, प्रत्येकी 800. कागदावर हे 27,000 होते. प्रत्यक्षात शिकवणीचे पैसे महिन्याच्या महिन्याला कधीच आले नाहीत. आमच्या भागातील निम्म्या पालकांचा पैसा उसात अडकलेला असतो. ऊस कारखान्याला गेल्यापासून चौदा दिवसांत बिल द्यावे असा नियम आहे. तो नियम आणि प्रत्यक्ष बिल यांच्यातील अंतर साताऱ्यातील लहान मुलालाही ठाऊक असते. दर महिन्याला ‘बाई, बिल आलं की देतो’ हे ऐकून मी आधी चिडत असे. नंतर मी फीची रचनाच बदलली: नोकरदार पालकांनी दरमहा, आणि शेतकरी पालकांनी डिसेंबर आणि मार्च अशा दोन हप्त्यांत. वसुली पूर्वीपेक्षा सुधारली, आणि मलाही कोणत्या महिन्यात हात आखडता ठेवायचा हे आधीच कळू लागले. एप्रिल आणि मे तर शिकवणीच्या दृष्टीने कोरडेच, कारण दहावीची परीक्षा मार्चमध्ये संपली की मुले दिसेनाशी होतात.

या शिकवणीचा उपयोग केवळ पैशांपुरता नव्हता. मराठीतून अर्थ सांगून इंग्रजी शिकवण्याची माझी सवय तिकडे निरुपयोगी ठरणार होती, म्हणून मोठ्यांच्या वर्गात शेवटची वीस मिनिटे मराठीचा एकही शब्द न उच्चारता शिकवण्याचा नियम मी स्वतःला घालून घेतला. विद्यार्थ्यांपेक्षा मलाच घाम फुटत असे.

घरी राहिल्याने भाडे वाचते, हे अर्धसत्य आहे. बाबांनी एक रुपयाही मागितला नाही, तरी कमावती मुलगी घरात फुकट जेवते ही कल्पना मलाच रुचत नव्हती. मी दरमहा 6,000 रुपये आईच्या हातात देत असे. शिवाय घरातील पैसा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असतो. आत्याच्या मुलीच्या लग्नाचा आहेर, गणपतीची वर्गणी, बंद पडलेली पाण्याची मोटार, हे खर्च थेट माझ्या नावावर येत नसत, पण ‘तुझ्याकडे आहेत ना सध्या?’ या प्रश्नाला ‘नाहीत’ असे खोटे उत्तर देणेही जमत नसे. आईने मला तिच्या भिशीत घेतले होते: बारा बायका, महिन्याला हजार रुपये. माझी चिठ्ठी दुसऱ्याच महिन्यात निघाली, आणि त्या बारा हजारांचे घरात नवे फ्रीज आले. पुढील दहा महिने मी त्या फ्रीजचे हप्तेच भरत होते म्हणा ना.

म्हणून बँकेत अठरा महिन्यांची आवर्ती ठेव उघडली आणि पगार जमा झाल्याच्या दुसऱ्या दिवशी 10,000 रुपये आपोआप वळते होतील अशी सूचना देऊन ठेवली. पोस्टाची आवर्ती ठेव पाच वर्षांची असते आणि तीन वर्षांच्या आत बंद करता येत नाही, त्यामुळे ती माझ्या कामाची नव्हती. व्याज सहा टक्क्यांच्या आसपास, म्हणजे फार काही नाही. मला व्याजापेक्षा ‘पैसे ठेवीत आहेत’ हे वाक्य हवे होते. खात्यातील पैशांवर नातेवाइकांचा हक्क असतो, पण ठेव मोडायला कोणी सहसा सांगत नाही. मुदत संपली तेव्हा हातात 1,88,000 रुपयांहून थोडे अधिक आले. उरलेले मी उत्तरपत्रिका तपासून आणि उन्हाळी वर्ग घेऊन भरून काढले.

खर्चाचा क्रमही महत्त्वाचा आहे, आणि तो मी एका सहकारी शिक्षिकेची फसगत पाहून शिकले. आयल्ट्सचे गुण दोन वर्षांनी कालबाह्य होतात आणि पोलिसांचा दाखला बहुतेक ठिकाणी अलीकडचाच लागतो. तिने उत्साहाच्या भरात हे दोन्ही आधी करून घेतले आणि निघायला उशीर झाल्यावर पुन्हा पैसे भरले. पदवीचे साक्षांकन मात्र लवकर सुरू करावे. शिवाजी विद्यापीठाचे माझे मूळ पदवी प्रमाणपत्र मी पदवीदानानंतर घेतलेच नव्हते, केवळ गुणपत्रिकांवर काम चालले होते. तेथपासून तयारी होती. पुढे राज्य शासन, परराष्ट्र मंत्रालय आणि दूतावास अशी तीन दारे होती, कारण परदेशी कागदपत्रे एकाच शिक्क्यावर मान्य करणाऱ्या देशांच्या अपॉस्टिल करारात थायलंड त्या वेळी नव्हते आणि तेवढ्यावर काम भागत नव्हते. एका दलालाने ‘नोकरीसकट सगळे’ करून देण्यासाठी 80,000 रुपये सांगितले होते. ही रक्कम माझ्या आठ हप्त्यांएवढी आहे, हे लक्षात येताच उत्तर सोपे झाले.

खोन केनमध्ये भाडे 4,500 बात निघाले, म्हणजे अनामत माझ्या अंदाजापेक्षा बरीच कमी. दुसरीकडे, परवान्याशिवाय बँकेत खाते उघडेना आणि परवान्याला वेळ लागला, त्यामुळे दोन्ही पगार एकदमच, जूनच्या अखेरीस मिळाले. तोपर्यंत पन्नास हजारांपैकी सुमारे अकरा हजार बात शिल्लक होते. परतीच्या तिकिटाचे वीस हजार रुपये अजूनही तसेच आहेत.

जुलैत आईचा फोन आला. एका विद्यार्थ्याचे वडील मार्चचा राहिलेला हप्ता घेऊन आले होते; बिल आत्ता आले म्हणाले. आईने विचारले, ‘‘तुझ्या खात्यात भरू, की भिशीत टाकू?’’